पेरिक्लीजचें आसन

(नभोवाणीवरील भाषण)

'स्ट्रॅटेजी' हा शब्द आतां इतका रुळला आहे कीं तो मूळचा कोणाचा, याची चौकशी करण्याची गरज कोणास वाटत नाहीं. शब्द ग्रीक आहे. अथेन्स नगरांत दरवर्षीं दहा सेनापति निवडीत. त्यांतील प्रत्येकास 'स्ट्रॅटेगॉस' म्हणत. हा अधिकारी नुसता लढवय्या नसे. आरमार कोठें धाडावें, खजिन्यांतून किती काढावें, कोणत्या मित्रास चुचकारावें आणि कोणास दटावावें, हें सारें त्याला भर सभेंत उभें राहून नागरिकांच्या गळीं उतरवावें लागे. आणि वर्ष संपलें कीं त्याच नागरिकांच्या मतांसाठीं पुन्हां उभें राहावें लागे. लढाई कशी जिंकावी ही एक विद्या झाली. राष्ट्राची माणसें, पैसा, धान्य, मैत्री आणि धीर हीं सारीं एका हेतूच्या मागें वर्षानुवर्षें कशीं लावावीं ही दुसरी. आणि ती पहिलीपेक्षां पुष्कळच दुर्मिळ. या दुसऱ्या विद्येला आजच्या भाषणापुरतें मी राष्ट्रनीति म्हणतों.

अशा दूरवरच्या नीतीचीं उदाहरणें इतिहासांत थोडीं नाहींत. रोमचें आहे, बायझंटियमचें आहे, इंग्लंडचें आहे, बिस्मार्कच्या जर्मनीचें आहे. परंतु एवढ्या वेळांत या सर्वांची वरात काढण्यांत अर्थ नाहीं. मी एकच घेतों, आणि तें मुद्दाम अथेन्सचें घेतों. कारण तेथें राष्ट्रनीति बंद दालनांत शिजली नाहीं. ती उघड्या सभेंत आंकड्यांनिशीं मांडली गेली, लोकांनीं ती मान्य केली, आणि मांडणारा मनुष्य युद्धाच्या तिसऱ्याच वर्षीं मरण पावला. पुढें युद्ध आणखी पंचवीस वर्षें चाललें. कर्त्याच्या माघारीं नीतीचें काय होतें हें इतक्या स्वच्छपणें दाखविणारा दुसरा प्रसंग मला ठाऊक नाहीं.

पार्श्वभूमि थोडक्यांत सांगतों. ख्रिस्तपूर्व ४८३ च्या सुमारास अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणींत चांदीची मोठी शीर लागली. ती चांदी नागरिकांत माणशीं दहा दहा द्राख्मा वांटून टाकावी असा विचार चालला असतां थेमिस्टोक्लीज यानें लोकांचें मन वळविलें आणि त्या पैशांतून लढाऊ गलबतें बांधविलीं. ४८० सालीं सॅलॅमिसच्या सामुद्रधुनींत इराणी आरमाराचा मोड झाला तो या गलबतांच्या बळावर. पुढें इराणविरुद्ध समुद्रकांठच्या ग्रीक नगरांचा एक संघ झाला व त्याचें पुढारपण अथेन्सकडे आलें. कांहीं नगरें गलबतें देत. पुष्कळांनीं हळूहळू गलबतांऐवजीं रोकड देण्याचा सोपा मार्ग पत्करला. ४५४ सालीं संघाचा खजिना डेलॉस बेटावरून अथेन्सला हलला, आणि मित्रसंघ होता त्याचें साम्राज्य झालें. गलबतांच्या जागीं पैसे देणाऱ्या नगरांनीं आपली तलवारच दुसऱ्याच्या हातीं दिली होती. पण हें त्यांस उमगलें तेव्हां फार उशीर झाला होता.

याच काळांत, ४५७ च्या आसपास, अथेन्सनें शहरापासून पायरीअस बंदरापर्यंत सुमारे चार मैलांच्या लांब भिंती उभारल्या. या दगडी भिंतींनीं भूगोल बदलला असें म्हटलें तरी चालेल. शहर समुद्रापासून दूर असूनहि बेट झालें. काळ्या समुद्राकडचें धान्य गलबतांतून बंदरांत उतरावें आणि भिंतींच्या आड सुरक्षितपणें शहरांत यावें. बाहेर शत्रूनें काय वाटेल तें करावें. समुद्र जोंवर हातीं आहे तोंवर या शहराला वेढा घालून उपाशी मारतां येत नाहीं.

प्रतिपक्षी स्पार्टाची स्थिति नेमकी उलट. भूमीवर त्याच्या ढालाईत पायदळापुढें उभें राहण्याची छाती ग्रीसमध्यें कोणाची नव्हती. पण आरमार नाममात्र आणि खजिना रिकामा. शिवाय घरांत हेलॉट नांवाच्या भूदासांची संख्या एवढी मोठी कीं सैन्य फार दिवस दूर ठेवणें म्हणजे घराला आग लागण्याची वाट पाहणें. त्याचे दोस्तहि बहुतेक शेतकरी. कापणीच्या दिवसांत त्यांचें लक्ष शत्रूपेक्षां आपल्या खळ्याकडे. स्पार्टाचा वृद्ध राजा आर्किडेमस हें सर्व जाणून होता. पैसा आणि गलबतें जमविल्यावांचून या युद्धांत पडूं नये, असा सल्ला त्यानें आपल्या लोकांना दिला. तो कोणी ऐकला नाहीं.

आतां पेरिक्लीजची योजना. ४३१ सालीं युद्ध उभें राहिलें तेव्हां त्यानें अथेन्सच्या लोकांना सांगितलें तें असें: भूमीवर स्पार्टाशीं मोठी लढाई द्यावयाची नाहीं. खेडीं सोडून सर्वांनीं भिंतींच्या आंत यावें. आरमार उत्तम स्थितींत ठेवावें आणि अंकित नगरें घट्ट धरावीं. आणि युद्ध चालू असेपर्यंत नवा मुलूख मिळविण्याच्या नादीं लागूं नये. कौटिल्यानें षाड्गुण्यांत संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव असे सहा प्रकार सांगितले आहेत. पेरिक्लीजनें विग्रह पत्करला, पण यान टाळून आसन धरलें. शत्रूपेक्षां आपण अधिक काळ बसून राहूं शकतों, हा त्या आसनाचा आधार होता.

आणि तो आधार केवळ वक्तृत्वाचा नव्हता. थ्यूसिडिडीज या इतिहासकारानें त्या सभेंतील हिशेब आपल्यासाठीं टिपून ठेवला आहे. अंकित नगरांकडून येणारी खंडणी वर्षाला सरासरी ६०० टॅलंट. अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर नाण्यांच्या रूपांत शिल्लक ६००० टॅलंट. देवालयांतील सोन्याचांदीचीं उपकरणें व लुटीच्या वस्तु निदान ५०० टॅलंटच्या. अथीना देवीच्या मूर्तीवर ४० टॅलंट वजनाचें शुद्ध सोनें. तें काढतां येईल असेंच बसविलेलें होतें, आणि अगदीं प्राणांवर बेतलें तर घ्यावें व मागून परत करावें असें पेरिक्लीजनें सांगितलें. ढालाईत १३०००, त्याखेरीज ठाण्यांवर व भिंतींवर १६०००, घोडदळ १२००, तिरंदाज १६००, आणि समुद्रांत लोटण्यास सिद्ध अशीं ३०० गलबतें.

टॅलंट म्हणजे सुमारे सव्वीस किलो चांदी, किंवा ६००० द्राख्मा. एका लढाऊ गलबतावर सुमारें दोनशें माणसें. माणशीं रोज एक द्राख्मा धरला तर महिन्याला बरोबर एक टॅलंट होतो. म्हणजे शंभर गलबतें आठ महिने पाण्यावर ठेवावयाचीं तर ८०० टॅलंट गेले. त्या काळच्या अथेन्समध्यें साधा नागरिकहि हा हिशेब बोटांवर करूं शकत असे, कारण वल्हीं मारणारा आणि मत देणारा बहुधा एकच होता. राष्ट्रनीतीचें अंदाजपत्रक ज्यांच्या घामाचें, त्यांच्याच पुढें ठेवावयाचें, हा थाट पुढच्या इतिहासांत फार क्वचित् दिसतो.

परंतु या हिशेबांत एक रक्कम लिहिलेली नव्हती. अथेन्सचे बहुतेक लोक शहरांत नव्हे, अ‍ॅटिकाच्या खेड्यांत राहत. त्यांनीं मेंढरें व गुरें युबीआ बेटावर धाडलीं. बायकामुलें, भांडींकुंडीं, एवढेंच काय पण घरांचीं लांकडें सुद्धां उपसून गाड्यांत भरलीं आणि शहराची वाट धरली. थोड्यांना आप्तांच्या घरीं आसरा मिळाला. बाकीचे देवळांत राहिले, भिंतींच्या बुरुजांत राहिले, पुढें तर दोन लांब भिंतींच्या मधल्या पट्ट्यांत झोंपड्या घालून राहिले. ज्या गांवच्या देवळांत आजे-पणजे पूजा करीत आले तें गांव सोडणें म्हणजे आपलें नगरच सोडणें, असें त्यांना वाटलें, असें थ्यूसिडिडीज सांगतो.

मग आर्किडेमस आला. तो थेट शहरावर चालून गेला नाहीं. शहरापासून सातेक मैलांवर अकार्नी नांवाचें मोठें गांव होतें, तेथें त्यानें तळ दिला आणि उभीं पिकें, द्राक्षवेली व ऑलिव्ह यांची नासधूस आरंभिली. त्याचा डाव उघड होता. अकार्नीचे लोक पुष्कळ आणि तापट. आपल्या डोळ्यांदेखत शेतें जळतांना ते स्वस्थ बसणार नाहींत, आणि स्वतः चिडून इतरांनाहि बाहेर ओढतील. राजाचा अंदाज चुकला असें म्हणवत नाहीं. शहरांत घोळके जमले, भविष्यें सांगणाऱ्यांचें फावलें, तरुण मंडळी तर शस्त्रें घेऊन निघण्याच्या बेतांत होती. सर्वांचा राग पेरिक्लीजवर.

त्यानें काय केलें? त्या दिवसांत त्यानें नागरिकांची सभाच भरूं दिली नाहीं. संतापाच्या भरांत मत घेऊं नये इतकेंच त्याचें म्हणणें. शहराजवळच्या शेतांत शिरणाऱ्या टोळ्यांवर त्यानें घोडेस्वार सोडले, आणि शंभर गलबतें देऊन शत्रूच्या किनाऱ्यावर धाड घातली. आर्किडेमस त्याचा जुना स्नेही. तेव्हां मैत्रीमुळें म्हणा किंवा लोकांत संशय उठावा म्हणून म्हणा, तो आपल्या शेतवाड्या तेवढ्या वगळील, अशी शंका पेरिक्लीजला आधींच आली होती. म्हणून युद्धाच्या तोंडावरच त्यानें जाहीर केलें कीं, माझ्या जमिनी शत्रूनें न जाळल्यास त्या सार्वजनिक समजाव्या. त्यागाची मागणी करणाऱ्यानें आधीं स्वतःचें पागोटें सभेपुढें उतरून ठेवावें लागतें, हें त्याला कोणी शिकवावें लागलें नाहीं.

दाणागोटा संपतांच शत्रु परत गेला. या युद्धाच्या पहिल्या दहा वर्षांत अशा स्वाऱ्या पांचच झाल्या. सर्वांत लांबली ती चाळीस दिवस, सर्वांत आंखूड पंधरा. व्हिक्टर डेव्हिस हॅन्सन या अमेरिकन इतिहासकारानें, जो स्वतः कॅलिफोर्नियांतल्या द्राक्ष-बागाईतदारांच्या घरचा, असें दाखवून दिलें आहे कीं ऑलिव्हचें झाड मारणें हें सैनिकांना वाटतें तितकें सोपें नाहीं. तोडलें तरी बुंध्यापासून तें पुन्हां फुटतें. म्हणजे खरें नुकसान थोडकें होतें. पण धूर दिसत होता. आणि मनुष्य हिशेबापेक्षां धुरावर अधिक विश्वास ठेवतो.

दुसऱ्या वर्षीं, ४३० त, जें झालें तें कोणाच्याहि हिशेबांत नव्हतें. पायरीअस बंदरांत एक भयंकर सांथ उतरली. भिंतींच्या आंत दाटीवाटीनें कोंबलेल्या, उन्हाळ्यांत कोंदट झोंपड्यांत राहणाऱ्या लोकांत ती वणव्यासारखी पसरली. थ्यूसिडिडीजला स्वतःला ती झाली व तो बचावला. म्हणून तिचें त्यानें केलेलें वर्णन वाचतांना आजहि अंगावर कांटा येतो. दोन लाटा मिळून नोंदलेल्या ढालाइतांपैकीं ४४०० आणि घोडेस्वारांपैकीं ३०० गेले. इतरांची मोजदादच झाली नाहीं. ज्या भिंतींनीं शत्रूला बाहेर ठेवलें त्यांनींच रोगाला आंत कोंडून धरलें. लोकांनीं पेरिक्लीजला पदच्युत करून दंड केला, स्पार्टाकडे तहासाठीं वकील पाठविले व ते हात हालवीत परतले. मग दुसरा कोणी दिसेना म्हणून पुन्हां त्यालाच निवडलें. त्याचे दोन्ही औरस पुत्र सांथींत वारले होते. ४२९ च्या शरदांत तोहि गेला. युद्ध सुरू होऊन अडीच वर्षें झालीं होतीं.

येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि त्यावर विद्वानांचीं दोन मतें आहेत. थ्यूसिडिडीज म्हणतो कीं योजना बरोबर होती. मागून आलेल्या पुढाऱ्यांनीं ती सोडली म्हणून अथेन्स बुडालें. जर्मन इतिहासकार हान्स डेलब्रुक यानें १८९० सालीं पेरिक्लीजची तुलना फ्रेडरिक दि ग्रेटशीं केली, आणि शत्रूचा एका घावांत नाश न करतां त्याला दमवून टेकीस आणणें हीहि तितकीच पूर्ण व प्रतिष्ठित युद्धनीति आहे असें प्रतिपादिलें. उलटपक्षीं अमेरिकन पंडित डोनल्ड केगन यानें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत नेमका खजिन्यावर बोट ठेवलें. तो विचारतो, हें आसन किती वर्षें परवडणार होतें? एकट्या पॉटिडीआच्या वेढ्यानें २००० टॅलंट खाल्ले. त्या मानानें शिल्लक तीन-चार वर्षांहून फार पुरणारी नव्हती. अथेन्सच्या सरकारनें देवालयांकडून काढलेल्या कर्जाचा हिशेब शिलालेखावर कोरलेला सांपडला आहे. ४२२ पर्यंत तो आंकडा पांच हजार टॅलंटच्या वर गेला होता. ४२८ त नागरिकांवर २०० टॅलंटचा खास युद्धकर बसवावा लागला तो उगाच नव्हे.

मला स्वतःला केगनचा आक्षेप अर्धा पटतो. पेरिक्लीजला स्पार्टाचा पराभव करावयाचाच नव्हता. तुझ्यानें आमचें कांहीं वांकडें होत नाहीं एवढें त्याला पटवून द्यावयाचें होतें. म्हणजे सगळी इमारत शत्रूच्या समजूतदारपणावर उभी. शत्रु दोन-तीन वर्षांत शहाणा होईल हें गृहीत धरलेलें, आणि न झाला तर काय याचें उत्तर योजनेंत नाहीं. बचावाच्या नीतींत हा दोष वारंवार आढळतो: तींत हरण्याच्या वाटा बंद केलेल्या असतात, पण युद्ध संपविण्याची वाटहि कोणी काढून ठेवलेली नसते. पैशाच्या बाबतींत मात्र केगनपेक्षां अथेन्सचा चिवटपणा मोठा ठरला. तें कसें तें पुढें येईलच.

शिवाय त्याहून मोठा दोष मला दुसराच दिसतो. ही नीति पाळावयाची म्हणजे दररोज कांहींतरी न करणें. यान लोकांना दिसतें. आसन दिसत नाहीं. ज्या दिवशीं कांहीं झालें नाहीं तो यशाचा दिवस, हें शेतें गमावलेल्या माणसाला वर्षामागून वर्षें सांगत राहणारा कोणी तरी सभेंत हवा. पेरिक्लीजनें आपलें वजन खर्ची घालून तें काम केलें. पण तें दुसऱ्या कोणास करतां येईल अशी सोय त्यानें केली नाहीं. त्याच्या मागून आलेले पुढारी एकमेकांच्या बरोबरीचे होते. थोरला ठरण्यासाठीं प्रत्येकाला लोकांना गोड लागेल तें बोलणें प्राप्त झालें.

तरी नशिबानें एक संधि दिली. ४२५ सालीं डेमॉस्थेनीझ नांवाच्या धाडसी सेनापतीनें स्पार्टाच्या मुलुखांत पायलॉस येथें ठाणें घातलें, आणि समोरच्या बेटावर ४२० स्पार्टन शिपाई अडकले. त्यांतले २९२ जिवंत हातीं आले. स्पार्टाचा मनुष्य शस्त्र ठेवतो हें ग्रीसनें प्रथमच पाहिलें. अ‍ॅटिकांत पाऊल टाकाल तर या कैद्यांचे गळे कापूं, एवढ्या धमकीवर वर्षावर्षाच्या स्वाऱ्या थांबल्या. वेढा पडतांच स्पार्टानें तह मागितला होता. पेरिक्लीजला जें हवें होतें, म्हणजे आम्ही तुमचें कांहीं करूं शकत नाहीं ही कबुली, ती शत्रूच्याच वकिलांच्या तोंडीं आली होती. ती घेऊन मोकळें व्हावयाचें सोडून क्लीऑनच्या नादानें लोकांनीं मागण्या वाढविल्या आणि वकील परतले. त्याच वर्षीं अरिस्टोफेनीसच्या 'अकार्नियन्स' या प्रहसनाला पहिलें बक्षीस मिळालें. त्यांतला शेतकरी नायक सरकारला कंटाळून शत्रूशीं स्वतःपुरता खासगी तह करून घेतो! लोकांनीं नाटकाला टाळ्या दिल्या आणि मत युद्धाला दिलें. ४२१ त अखेर तह झाला, पण त्याआधीं डेलियमची लढाई हरली होती आणि ॲम्फिपोलिससारखें मोक्याचें नगर हातचें गेलें होतें. तें वांचवूं न शकल्याबद्दल ज्या सेनापतीला वीस वर्षें देशांतर घडलें तो आपला इतिहासकार थ्यूसिडिडीज.

आतां सिसिली. या प्रकरणावर थोडा वेळ घालवितों, कारण यानाची भूल लोकांवर कशी पडते तें येथें पायरी पायरीनें दिसतें. ४१५ त सिसिलींतील एजेस्टा नांवाच्या नगराचे वकील ६० टॅलंट चांदी घेऊन आले. साठ गलबतांचा हा एक महिन्याचा पगार. मदत करा, आमच्याकडे असें द्रव्य पुष्कळ आहे. आधीं पाहणीस गेलेल्या अथेनियन मंडळींना त्यांनीं घरोघर मेजवान्या दिल्या होत्या आणि प्रत्येक घरीं चांदीसोन्याचीं पात्रें मांडलेलीं होतीं. शेजारच्या नगरांतून उसनीं आणलेलीं तींच पात्रें या घरून त्या घरीं फिरत होतीं, हें मागाहून कळलें. सिसिली केवढें बेट आहे, तेथें किती लोक राहतात, याची बहुतेकांना कल्पनाहि नव्हती.

तरुण, देखणा, खर्चिक अल्सिबिआडीज मोहिमेचा पुरस्कर्ता. वृद्ध, सावध निसियस विरुद्ध. लोक ऐकेनात असें पाहून निसियसनें एक युक्ति केली. जावयाचेंच असेल तर एवढें सैन्य, एवढीं गलबतें, एवढें धान्य पाहिजे, अशी अवाढव्य यादी त्यानें वाचून दाखविली, अशा हेतूनें कीं आंकडे ऐकून लोक दचकतील. लोक दचकले नाहींत. इतकी तयारी असल्यावर धोका कसला, असें म्हणून त्यांनीं सारें मंजूर केलें. पेरिक्लीजच्या काळीं आंकडे लोकांना आवरीत. सोळा वर्षांनीं त्याच आंकड्यांनीं त्यांना भुलविलें. ज्यांना हें पसंत नव्हतें ते हात वर न करतां गप्प राहिले, कारण विरोध करणारा देशद्रोही ठरेल अशी हवा होती.

१३४ लढाऊ गलबतें निघालीं. अल्सिबिआडीजवर धर्मनिंदेचा आरोप येऊन त्याला परत बोलावलें, तो वाटेंतून निसटून स्पार्टाला मिळाला, आणि ज्यानें मोहिमेचा पुरस्कार केला तो शत्रूचा सल्लागार झाला व ज्याला ती नको होती तो तिचा सेनापति उरला. सिराक्यूजचा वेढा रेंगाळला. मदतीला आणखी ७३ गलबतें धाडलीं. ४१३ च्या आगस्टमध्यें माघार ठरली तोंच चंद्रग्रहण झालें, आणि शकुनावर भिस्त ठेवणाऱ्या निसियसनें सत्तावीस दिवस हलावयाचें नाकारलें. तेवढ्यांत बंदराचें तोंड बंद झालें. गलबत परतलें नाहीं. निदान सात हजार कैदी सिराक्यूजच्या दगडाच्या खाणींत उघड्यावर टाकले गेले. याच साली स्पार्टानें अ‍ॅटिकांतच डेकेलीआ येथें कायमचें ठाणें घातलें. अल्सिबिआडीजचाच तो सल्ला. वीस हजारांवर गुलाम अथेन्स सोडून पळाले.

आणि तरीहि अथेन्स पडलें नाहीं! येथें मला पेरिक्लीजच्या एका जुन्या तरतुदीची आठवण द्यावयाची आहे. युद्धाच्या पहिल्याच वर्षीं शिलकेंतले १००० टॅलंट वेगळे काढून ठेवण्याचा आणि दरसाल सर्वोत्तम शंभर गलबतें राखीव ठेवण्याचा ठराव झाला होता. शत्रूचें आरमार नगरावर चालून आल्याखेरीज या पैशाला हात लावण्याची जो सूचना करील किंवा ती मतास टाकील त्याला देहान्ताची शिक्षा. एकोणीस वर्षें, सांथींत, करवाढींत, सिसिलीच्या धुंदींतहि, त्या हजार टॅलंटना कोणी शिवलें नाहीं. सिसिलीच्या नाशानंतर ४१२ त किऑस बेट बंड करून उठलें तेव्हां घाबरलेल्या सभेनें आधीं तो शिक्षेचा ठराव रद्द केला आणि मग त्या पैशांतून गलबतें सजविलीं. त्या बळावर अथेन्स आणखी आठ वर्षें झुंजलें. मला हें फार महत्त्वाचें वाटतें. पेरिक्लीजनें नीतीचा जो भाग केवळ आपल्या शब्दावर ठेवला तो त्याच्याबरोबर गेला. जो भाग कायद्यांत बांधला तो त्याच्या मागून जवळजवळ वीस वर्षें जिवंत राहिला. असा दुसरा एखादा ठराव, समजा युद्ध चालू असतां नवी दूरची मोहीम काढूं नये असा, त्यानें करून ठेवला असता तर? तो टिकलाच असता असें मी म्हणत नाहीं. पण निदान मोडण्यापूर्वीं सभेला थांबून तो मोडावा लागला असता.

शेवट स्पार्टानें केला तो स्पार्टाची नीति सोडून. जमिनीवर अथेन्सला हरवतां येत नाहीं हें अखेरीस पटलें, तेव्हां त्यांनीं समुद्राचा मार्ग धरला. गलबतांना पैसा लागतो. तो इराणच्या राजपुत्रानें, धाकट्या सायरसनें, लायसँडरच्या हातीं दिला. ग्रीकांना स्वतंत्र करण्यासाठीं आम्ही लढतों असें युद्धारंभीं सांगणाऱ्या स्पार्टानें त्याच्या मोबदल्यांत आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील ग्रीक नगरें इराणला देऊं केलीं. ४०५ त हेलेस्पॉंटच्या कांठीं, ईगॉस्पोटामी येथें, लायसँडरनें अथेन्सचें आरमार किनाऱ्यावर बेसावध गांठलें आणि सुमारे १७० गलबतें जवळजवळ न लढतां घेतलीं. काळ्या समुद्राकडच्या धान्याची वाट तुटली. त्या हिंवाळ्यांत भिंतींच्या आंतले लोक उपासमारीनें मेले, आणि ४०४ त अथेन्स शरण गेलें. बासऱ्या वाजवीत लांब भिंती पाडल्या गेल्या, आणि आज ग्रीसच्या स्वातंत्र्याचा पहिला दिवस असें पाडणाऱ्यांना वाटलें, असें झेनोफन लिहितो.

ईगॉस्पोटामीहून आठ-नऊ गलबतें घेऊन एकच सेनापति निसटला होता. कोनॉन त्याचें नांव. तो सायप्रसला जाऊन राहिला, पुढें इराणच्या चाकरींत शिरला, आणि ३९४ त नायडसजवळ त्यानें इराणी आरमार घेऊन स्पार्टाचें आरमार बुडविलें. स्पार्टाला समुद्रावर चढविणाऱ्या इराणला आतां स्पार्टा डोईजड झाला होता. दुसऱ्या वर्षीं कोनॉन मायदेशीं परतला तो इराणी सोनें आणि वल्हेकऱ्यांचे हात बरोबर घेऊन. आणि त्या पैशानें, त्या हातांनीं, अथेन्सच्या लांब भिंती पुन्हां बांधण्याचें काम चालू झालें.